व्हॉइसओव्हर डेमो: पहिल्या दहा सेकंदांत काय ऐकू जायला हवं?

आजचा एपिसोड अशा सगळ्यांसाठी, ज्यांना मित्र सांगतात "आवाज भारी आहे रे तुझा", पण ऑडिशन पाठवलं की समोरून काहीच येत नाही. होकार नाही, नकार नाही, नुसती शांतता. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

या शांततेचा खरा त्रास हा, की अडलं कुठे ते कळतच नाही. कोड चालला नाही तर निदान एरर मेसेज तरी येतो. इथे तोही नाही. मग लोक महागडा माइक घेतात आणि मूळ अडचण तशीच राहते. म्हणून आज आपण डेमोचं सरळ डिबगिंग करू. तपासायच्या जागा चार: रचना, उच्चार, खोली आणि फाइल.

[०१:३०] सगळ्यात चांगलं ते सगळ्यात आधी

कास्टिंग करणाऱ्यासमोर एकाच कामासाठी ढीगभर फाइल्स असतात. तो प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकत नाही. त्यामुळे सुरुवातीला संगीताची लांब धून, "नमस्कार, मी अमुक अमुक, मला लहानपणापासून आवड" वगैरे काही नको. नाव दोन सेकंदांत सांगा किंवा फाइलच्या नावातच द्या. लगेच तुमचा सगळ्यात दमदार तुकडा.

पूर्ण डेमो ६० ते ९० सेकंदांचा पुरतो. त्यात पाच-सहा तुकडे, प्रत्येकी १० ते १५ सेकंद. शेजारचे दोन तुकडे एकमेकांपासून वेगळे वाटले पाहिजेत. तीन जाहिराती एकाच उत्साहात वाचल्या, तर ऐकणाऱ्याच्या लेखी ती एकच जाहिरात.

आणि सगळं एकाच फाइलमध्ये कोंबू नका. जाहिरात, डबिंग, ऑडिओबुक, ई-लर्निंग ही वेगवेगळी कामं आहेत. स्टोरीटेलसारख्या ठिकाणी पुस्तक तासन्‌तास ऐकलं जातं, तिथे जाहिरातीचा जोश पाच मिनिटांत कंटाळा आणतो. ऑडिओबुकच्या डेमोत एकच सलग उतारा ठेवा, ज्यात निवेदन आहे आणि दोन पात्रांचा संवादही आहे. निवेदक आणि पात्रं वेगळी ऐकू येतात का, तेच तर त्यांना बघायचं असतं.

स्क्रिप्ट स्वतः लिहा. प्रसिद्ध ब्रँडची जाहिरात पुन्हा वाचली तर तुलना थेट मूळ आवाजाशी होते. शिवाय ते काम तुम्हीच केलंय असा गैरसमज होऊ शकतो. कोपऱ्यावरच्या डेअरीची जाहिरात लिहा, चालेल की!

[०३:१०] मराठी डेमो मराठी वाटू द्या

हिंदी कंटेंट इतका कानावर पडतो की उच्चार नकळत सरकतात. "ज्ञान" मराठीत "द्न्यान" आहे, "ग्यान" झालं की लगेच कळतं. "कृपा" मराठीत "क्रुपा"कडे जाते, "क्रिपा"कडे नाही. "पैसा" मधला "ऐ" स्पष्ट "अइ" असा यायला हवा.

च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार ही तर आपली खासियत. "चार" मधला च वेगळा, "चाक" मधला वेगळा. "जीव" आणि "जग", "झेप" आणि "झाड" मोठ्याने म्हणून बघा. लिपीत फरक दिसत नाही, तोंडात असतो. मराठी डेमो ऐकणारा माणूस हे टिपतोच. ण-न आणि ळ-ल चं तेच.

आकड्यांचीही तयारी करा. जाहिरातीत किंमत असते, ई-लर्निंगमध्ये टक्के असतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे न अडखळता यायला हवेत.

मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी घरची असेल तर ती तुमची ताकद आहे. तिची वेगळी फाइल करा. पण सिनेमा बघून उचललेली बोली डेमोत नको. ती भाषा बोलणारा माणूस दुसऱ्या वाक्याला ओळखतो.

[०४:४५] खोली: माइकच्या आधी गोधडी

बऱ्याच घरगुती डेमोंमध्ये आवाज बादलीतून आल्यासारखा वाटतो. कारण आवाज फरशी, भिंत आणि काचेवर आपटून परत माइकमध्ये येतो. हा घुमारा नंतर सॉफ्टवेअरने नीट काढता येत नाही. त्यामुळे तो रेकॉर्डिंगच्या वेळीच थांबवायचा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, पाठीमागे जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका. पंखा बंद, फ्रिजची खोली टाळा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर, म्हणजे रात्री उशिरा किंवा पहाटे रेकॉर्ड करा.

माइक तोंडापासून साधारण एक वीत लांब आणि किंचित बाजूला. समोरासमोर धरला तर प, फ, ब, भ ला हवेचा धक्का बसून "भप्प" होतं.

मग मोजा. १० सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत त्याची पातळी बघा. ऑडिओबुकसाठीच्या एसीएक्स या प्लॅटफॉर्मची अट चांगली फूटपट्टी आहे: शांततेतला आवाज मायनस ६० डेसिबलच्या खाली, सरासरी पातळी मायनस २३ ते मायनस १८ च्या दरम्यान, आणि सगळ्यात मोठा आवाज मायनस ३ च्या वर जाऊ नये.

[०६:२०] फाइल: ब्लूटूथ आणि व्हॉट्सॲपचा घोळ

ब्लूटूथ इअरबड्सच्या माइकवर डेमो करू नका. माइक सुरू झाला की बरेच इअरबड्स कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० किंवा १६,००० नमुने घेतात. नमुन्यांच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ४,००० किंवा ८,००० हर्ट्झ. "स" ची धार बरीचशी ४,००० च्या वर असते. ती गेली की फोनवर "स" आणि "फ" सारखे वाटतात तसं होतं. त्यापेक्षा फोनचा स्वतःचा माइक बरा.

रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर करा. पाठवताना व्हॉइस नोट नको, ती दाबून लहान केली जाते. फाइल "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. नावात तुमचं नाव, भाषा आणि प्रकार हवा. "फायनल फायनल टू" नावाची फाइल कुणी पुन्हा शोधणार नाही.

[०७:३०] ऑडिशन आलं की

स्क्रिप्ट मिळाल्यावर आधी ठरवा: बोलतंय कोण, कुणाशी आणि कशासाठी? बँकेची जाहिरात वडील मुलाला समजावतायत अशी वाचली तर एक आवाज येतो, मैत्रीण मैत्रिणीला सांगतेय म्हटलं की वेगळाच. असे दोन टेक पाठवा, पण खरोखर वेगळे. सूचना एकच टेक मागत असेल तर एकच. सूचना पाळणं हाही ऑडिशनचाच भाग आहे.

आणि एक महत्त्वाचं. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. नमुना म्हणून अख्खी स्क्रिप्ट किंवा अर्धा तास वाचन फुकट मागितलं, तर ते कुठे वापरणार आणि एआयला शिकवायला वापरणार का, हे लेखी विचारा. आवाज एकदा हातातून गेला की परत मागवता येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा डेमो साध्या फोनच्या स्पीकरवर, रस्त्यावर उभं राहून ऐका. पहिल्या दहा सेकंदांत शब्द कळले का? माणूस डोळ्यांसमोर आला का? मग तोच डेमो तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या एकाला ऐकवा आणि "कसा वाटला" असं विचारू नका. "कोण बोलतंय असं वाटलं" ते विचारा. उत्तर लांबलं, तर पहिला तुकडा बदला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पाणी पीत राहा, घसा सांभाळा!