न मोजलेले श्रम

घरी अहिराणी बोलणारा जळगाव-धुळ्याचा कारकून कचेरीत प्रमाण मराठी सांभाळतो. तो ताण खानदेशास परिचित आहे. अनेक स्वमग्न व्यक्तींना असे सोंग दिवसभर वठवावे लागते : नजरेला नजर देणे, हसण्याची वेळ साधणे, हातांची चाळवाचाळव आवरणे. या श्रमांची नोंद कोणत्याच हिशेबात नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला. परंतु तिचे मोजमाप होते ते मुख्यतः दिसणाऱ्या वर्तनावरून. म्हणजे जो अधिक कष्टाने लपवितो, तोच हक्कास मुकण्याचा संभव अधिक! वर्गातील शांत, 'शहाण्या' मुलाची शिस्त शिक्षकांनी अवश्य वाखाणावी; पण घरी पोहोचताच तो कोसळतो काय, हेही पालकांस विचारावे.