हरवलेली की सोडलेली?

माझ्या अक्काला देवीला सोडले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. केसांत जट आली, म्हणजे यल्लम्माने बोलावले, असे जाणत्यांनी सांगितले. सौंदत्तीच्या डोंगरावर तिच्या गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले. वर्षभरात एका बाईबरोबर ती मुंबईला गेली. काही दिवस मनिऑर्डर आली, मग तीही बंद पडली.

तिला शोधायला मी कामाठीपुऱ्यात गेले. हातात तिचा फोटो आणि नाव. दोन्ही कुचकामी ठरले. तिथे बाईचे नाव बदलते, गाव बदलते आणि घरवाली सांगेल तेच तिचे वय होते. मग पोलिसांकडे गेले. साहेबांनी विचारले, "बाई, हरवल्याची तक्रार कधी दिली होती?" दिलीच नव्हती. "मग ती हरवली कशी?"

साहेबांचा हेतू काहीही असो, प्रश्न खरा होता. आमच्या घरात अक्का हरवली असे कुणी म्हटलेच नव्हते. ती 'सोडलेली' होती. पाटलाची पोर रात्री घरी आली नाही तर सारे गाव कंदील घेऊन निघते. महारवाड्या-मांगवाड्यातली पोर देवीच्या नावाने गेली तर शोध घ्यायचा असतो हेच कुणाला सुचत नाही. धर्माने दिलेला हा एक शब्द दलालाच्या पथ्यावर पडतो. तक्रार नाही म्हणून तपास नाही, आणि तपास नाही म्हणून भीती नाही.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. मुलगी सोडणे गुन्हा ठरले. पण सोडलेली मुलगी कुठे गेली, हे कुणीतरी विचारल्याशिवाय कायदा शोधत नाही.

म्हणून आधी तक्रार द्यावी. अठरा वर्षांखालील मूल हरवले तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. पोलीस हलले नाहीत तर १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे कलम १६ आहे. मिळालेल्या माहितीवरून दंडाधिकारी फौजदार किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याला कुंटणखान्यात शिरून मुलीला आपल्यापुढे हजर करण्याचा हुकूम देऊ शकतो. मुलीला घरी धाडण्याआधी घरच्यांची चौकशीही होऊ शकते. ती मला योग्य वाटते, कारण तिला पाठवणारे हात अनेकदा घरचेच असतात.

बाई सज्ञान असेल तर तिचे म्हणणे आधी ऐकावे. तिला इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायांना ते जिणे सोडायला सांगितले. पण सोडून त्यांनी यायचे कुठे? याचे उत्तर आपल्या घरांनी द्यायचे आहे, आणि पुष्कळ घरांची दारे अजून बंद आहेत.

कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत यादी करावी : कोण गेली, कधी गेली, कुणाबरोबर गेली, शेवटची खबर कधी आली. अक्का मला अजून सापडलेली नाही. आमच्या वस्तीच्या यादीत मी तिचेच नाव पहिले लिहिले आहे, आणि पुढे 'हरवली' असे लिहिले आहे.