दोन देशांतले मूल

नवराबायको एकाच देशातली असली, तर घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहावे याचा निवाडा एक न्यायालय करते. आई एका देशाची, बाप दुसऱ्या देशाचा, असे असले म्हणजे दोन न्यायालये दोन उलट निकाल देऊ शकतात. हा बड्या घरांचा प्रश्न, वर्धा जिल्ह्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण हिंगणघाट-आर्वीकडची मुलेही आज परदेशी नोकरीला जातात, तेथे संसार मांडतात. तेव्हा ही गोष्ट समजून घेतलेली बरी.

पुण्याचे एक प्रकरण पाहू. अमेरिकेतील मिशिगन राज्यात भारतीय पती आणि अमेरिकन पत्नी यांचा १९८२ साली घटस्फोट झाला. तिथल्या न्यायालयाने मुलाचा ताबा आईला दिला आणि बापाला शनिवार-रविवारच्या भेटीचा हक्क ठेवला. जानेवारी १९८६ मध्ये अशाच भेटीच्या निमित्ताने बाप मुलाला घेऊन निघाला तो थेट पुण्यास आला. आईने आपल्या सर्वोच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिले, आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये त्याला आईच्या स्वाधीन केले. मुलाचे हित आईपाशी आहे, आणि हुकूम मोडून मूल नेणाऱ्याला त्याचा लाभ मिळू नये, ही दोन्ही कारणे त्या निकालात आहेत.

दरवेळी असेच घडते असे नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. आता परदेशात वाढलेले मूल चार महिन्यांपूर्वी वर्ध्याला आणले, तर ते राहते कुठे? वाद इथूनच पेटतो. त्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परदेशी हुकूम ही विचारात घ्यायची एक बाब आहे. मुलाचे कल्याण सर्वांत वर.

१९८० साली हेग येथे यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालील मूल बेकायदा हलविले असेल, तर आधी त्याला नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवावे, ताब्याचा वाद तेथे चालावा, असे त्याचे सूत्र. आम्हां कामगार चळवळीतल्यांना हे तत्त्व परके नाही. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात तडजोड चालू असताना मालकाने वादातल्या शर्ती परस्पर बदलू नयेत, असा दंडक होता. मालकाला जे शोभत नाही, ते आईबापांना कसे शोभावे?

भारत या करारात सामील नाही. विधी आयोगाने २००९ साली सामील होण्याची शिफारस केली होती. आक्षेप असा की, मारहाणीला कंटाळून लेकरासह माहेरी आलेली बाई या कराराने गुन्हेगार ठरेल. मुलाला गंभीर धोका असल्यास परत न पाठविण्याची सवलत करारात आहे. परंतु पैसा नाही, वकील नाही, साक्षीदार सातासमुद्रापलीकडे, अशा बाईने तो धोका सिद्ध कसा करावा? हा आक्षेप खोटा नाही.

म्हणून आमचे मत असे: भारताने करारात जावे, पण परत जाणाऱ्या आईला तेथे निवारा, पोटगी आणि वकील मिळण्याची हमी आधी घेऊन. तोवर ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी परदेशी समन्स दडवून ठेवू नये. एकतर्फी निकाल होतो आणि त्या देशाचा रस्ता बंद होतो. आणि खटला चालू असताना मुलाचे दुसऱ्या पालकाशी बोलणे तोडू नये. तारखा पडत राहतात. तेवढ्यात लेकरू आईची किंवा बापाची भाषा विसरते, आणि ती कोणताही हुकूमनामा परत देत नाही.