पुराचे पाणी ओसरल्यानंतर : घराची दुरुस्ती कोणाकडून आणि कोणत्या क्रमाने करून घ्यावी

दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पाणी उतरले, परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागले. २०१८ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर केरळलाही हाच अनुभव आला. पाणी ओसरणे आणि घर राहण्यायोग्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील काळात केलेली घाई आपल्या कुटुंबाच्या, तसेच आपण कामावर बोलावलेल्या माणसांच्या आरोग्यावर बेतू शकते. म्हणून पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

घरात प्रवेश करण्यापूर्वी

पाण्यात उभे राहून किंवा ओल्या हातांनी विजेच्या कोणत्याही बटनास स्पर्श करू नये. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागेवरून पोहोचता येत नसेल, तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. गॅसचा वास येत असल्यास दिवा वा काडी पेटवू नये. अडगळीत, भांड्यांखाली व गाद्यांच्या घड्यांत साप आणि विंचू आसरा घेतात. सामान प्रथम काठीने हलवावे. काहीही उचलण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याची खूण व बिघडलेल्या वस्तू यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पंचनाम्यासाठी व विम्यासाठी ती उपयोगी पडतात.

कोणते काम कोणाचे

फरशी धुणे, भांडी व कपडे स्वच्छ करणे, भिजलेले धान्य आणि औषधे टाकून देणे ही कामे घरच्या निरोगी प्रौढ व्यक्ती करू शकतात. पुढील कामे मात्र जाणकारांकडूनच करून घ्यावीत.

• वीज : राज्याचा परवाना असलेल्या वायरमनकडून वायरिंग, अर्थिंग व बुडालेले सॉकेट तपासून घेतल्याशिवाय पुरवठा सुरू करू नये. बुडालेला फ्रिज, पंप वा मिक्सर वरून कोरडा दिसला, तरी तपासणीपूर्वी लावू नये.

• सेप्टिक टँक : याचा उपसा केवळ यंत्राच्या गाडीने करावा. टाकीत विषारी वायू साचलेला असतो. आत उतरलेला माणूस क्षणांत बेशुद्ध होतो आणि त्याला वाचविण्यास उतरणाराही दगावतो. आवश्यक संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून अशी सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

• भिंती व छत : तडा गेलेली वा झुकलेली भिंत, खचलेला पाया आणि पोपडे सुटलेले छत अभियंत्यास अथवा अनुभवी गवंड्यास दाखवावे. तोवर त्या खोलीत झोपू नये.

• बुरशी : भिजलेल्या वस्तूंवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. लहानसा डाग साबणाने घासून काढता येतो. परंतु भिंतच्या भिंत काळवंडली असेल अथवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम बाहेरच्या जाणकारांकडे सोपवावे.

काम ठरविताना

पुरानंतर कारागिरांची चणचण भासते आणि दारोदार फिरणारे अनोळखी लोक घाईने काम मिळवू पाहतात. अशा वेळी कामाचा तपशील, दर व मुदत कागदावर लिहून घ्यावी. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये; पावती घ्यावी. कोणते रसायन वापरणार, त्याचे नाव काय आणि फवारणीनंतर किती तास घर बंद ठेवावयाचे, हे विचारून घ्यावे. उत्तर देण्याचे टाळणाऱ्यास काम देऊ नये. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदविता येते.

कामाचा क्रम

१. गाळ ओला असतानाच काढावा. वाळल्यावर तो भिंतीस घट्ट चिकटतो आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते.

२. त्यानंतर साबण व स्वच्छ पाण्याने घासून धुवावे. चिखल राहिलेल्या जागी जंतुनाशकाचा प्रभाव पडत नाही.

३. मग १ लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून केलेले ताजे द्रावण फरशीवर व धुता येणाऱ्या भिंतींवर लावावे आणि दहा मिनिटांनी धुऊन टाकावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यात ॲसिड वा शौचालय स्वच्छ करण्याचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून घातक वायू निघतो.

४. पाण्याची टाकी रिकामी करून घासावी व पुन्हा भरावी. १,००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर टाकून एक तास थांबावे. परिसरातील पाणी सुरक्षित असल्याचे जाहीर होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

५. घर वाऱ्याने व पंख्याने सुकवावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये, तसेच घरात जनरेटर चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

६. गिलावा व रंग सर्वांत शेवटी. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीस रंग दिल्यास आत ओल कोंडते आणि बुरशी पुन्हा वर येते. रंगारी घाई करीत असला, तरी थांबावे.

काम चालू असताना लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व दम्याचे रुग्ण यांची सोय अन्यत्र करावी.

कामावर आलेल्या माणसांची काळजी

दिवसभर गाळात उभे राहणाऱ्या कामगारास रोगाचा धोका सर्वाधिक असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे वा डोळ्यांवाटे शरीरात शिरतात. त्यास गमबूट, रबरी हातमोजे व मास्क मिळाल्याची खात्री करून घ्यावी. पिण्याचे स्वच्छ पाणी व हात-पाय धुण्यास साबण द्यावा. जखम असलेल्या व्यक्तीस गाळात उतरवू नये. काम करताना जखम झाल्यास ती लगेच धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचारावे. प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

ही लक्षणे दिसल्यास

पुरानंतरच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जावे आणि आपला पुराच्या पाण्याशी संपर्क आला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तापावर मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांतील काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. जुलाब लागल्यास ओआरएस सुरू करावे. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

घराचा रंग महिनाभर लांबला तरी बिघडत नाही. वीज, पाणी आणि शौचालय यांची कामे मात्र योग्य माणसाकडून करून घेतल्याशिवाय कुटुंबास घरी परत आणू नये.