सकाळी न उचलणारी पिकअप

तेरणा नदीवरच्या निम्न तेरणा धरणाच्या काठी माकणीत उसाबरोबर भाजीपालाही निघतो. तो पहाटे भरून लातूर-सोलापूरच्या बाजाराला न्यायचा, तर पिकअप पहिल्या सेल्फला उचलायला हवी.

तिथल्या एका मिस्त्रींकडे आलेली जुनी डिझेल पिकअप दिवसभर ठणठणीत चालायची. सकाळी मात्र बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारावा लागायचा. मालक ती रात्री उतारावर लावून वेळ भागवत होते. मिस्त्रींनी आधी एकच अट घातली, "रात्रभर गाडी इथंच राहू द्या. गरम इंजिन खरं बोलत नसतंय."

उजाडताच काम सुरू झालं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जवळपास 18 ते 20 पट दाबली जाते, तापते, आणि त्या उष्णतेने फवारलेलं डिझेल पेटतं. सेल्फ मंद फिरला तर ही उष्णता गार लोखंडातच जिरते. म्हणून मिस्त्रींनी पहिला मीटर बॅटरीला लावला. सेल्फ मारतानाही व्होल्टेज 10च्या वर राहिलं, अर्थिंगची वायरही घट्ट होती. इंजिन जोमाने फिरत होतं.

मग ते सायलेन्सरपाशी बसले. पांढरा धूर दिसला असता, तर डिझेल आत जाऊनही जळत नाही असा अर्थ निघाला असता, आणि हीटर प्लग, नोझल, कॉम्प्रेशन तपासावं लागलं असतं. इथे धूरच नव्हता. सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नव्हतं.

फिल्टरवरचा हँड पंप आधी पोकळ लागला, दाबत राहिल्यावर कडक झाला. आता सेल्फ मारताच इंजिन उचललं. म्हणजे लाईनने हवा धरली होती. पण खाली डिझेलचा एक थेंबही नव्हता. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन डिझेल ओढून घेते. तिथली फट बाहेर गळण्याऐवजी हवा आत घेते. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं.

मिस्त्रींनी लाईनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. बुडबुडे पळताना दिसले. एकेक जोड तपासत ते फीड पंपाच्या तोंडाशी आले. तिथे क्लिपखाली रबरी पाईप तडकलेला होता आणि तांब्याचा वॉशर दबून गेला होता. दोन्ही बदलले, लाईनमधली हवा काढली, बुडबुडे थांबले. तरीही गाडी आणखी एक रात्र ठेवून घेतली. सकाळी ती पहिल्या सेल्फला उचलली, तेव्हाच चावी मालकाच्या हाती दिली.

या कामातला क्रम मला फार मोलाचा वाटतो: बॅटरी, धूर, डिझेल, हवा. प्रत्येक पायरीने पुढची दिशा दाखवली, म्हणून महागडा फ्युएल पंप खोलावाच लागला नाही. उतारावर गाडी लावणाऱ्यांनी एवढं करावं: सेल्फ कसा फिरतो, धूर कोणत्या रंगाचा येतो आणि हँड पंप मारल्यावर काय होतं, हे सकाळीच पाहून ठेवावं. मग गाडी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गॅरेजला नेऊन सोडावी. गार इंजिनाचा दोष गार इंजिनातच सापडतो.