हात गिरवणारे यंत्र

"अंगावरून वारं गेलं" हे शब्द कानावर पडले की आपल्याकडे भरले घर गप्प होते. काल सांजेपर्यंत बैलाची वेसण धरणारा हात आज सकाळी मांडीवर नुसता पडून असतो. माणूस तोच, डोळे तेच. पण हात जणू दुसऱ्या कोणाचा. कोणी याला लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू, डॉक्टर पक्षाघात म्हणतात. या पडलेल्या हाताला पुन्हा कामाला कसे लावायचे, आणि त्यासाठी आता जी यंत्रे निघाली आहेत ती काय करू शकतात व काय करू शकत नाहीत, हा आजचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू. नावात वायू असला तरी वाऱ्याचा याच्याशी संबंध नाही, आणि बिघाड हातातही नसतो. बिघाड असतो मेंदूत. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते, किंवा ती वाहिनी फुटते. मग हाताला हुकूम देणारा मेंदूचा भाग रक्तावाचून मरू लागतो. उजवीकडचा मेंदू बिघडला तर डावे अंग जाते, डावीकडचा बिघडला तर उजवे.

हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार आहे असेही कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले निघाले. इतर कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करून, मेंदूच्या स्कॅनची सोय असेल अशा दवाखान्यात रोग्याला न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही स्कॅन पाहून. कबुतराचे रक्त चोळण्यात ही वेळ गेली तर ती परत येत नाही.

आता हाताकडे येऊ. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. मग हात सुधारतो तरी कसा? आपल्या मांजरा काठच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. पाट एका जागी ढासळला म्हणजे पाणी दुसऱ्या सरीने वळवून न्यावे लागते. आजूबाजूचा शाबूत मेंदूही तसाच हळूहळू ते काम शिकतो. पण नवी सरी एकदा पाणी सोडून पडत नाही. पुन्हा पुन्हा सोडावे लागते. हात हलवण्याचा प्रयत्न रोग्याने स्वतः, शेकडो वेळा, करावा लागतो.

इथेच अडचण येते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, व्यायामाच्या एका बैठकीत रोग्याकडून हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी अवघ्या ३२ करून घेतल्या जातात, असे दिसले. करून घेणारा माणूसच आहे. त्याचेही हात दुखतात, दारात दुसरे रोगी बसलेले असतात. यंत्र मात्र थकत नाही. म्हणून यंत्राची कल्पना पुढे आली.

रोबो म्हटले की सिनेमातला लोखंडी माणूस डोळ्यांपुढे येतो. हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला, आणि त्याचे मूळ 'वेठ' या अर्थाच्या शब्दात आहे. आपले यंत्र खरोखरच वेठीला धरलेल्या गड्यासारखे आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी ते सिद्ध केले आणि १९९० नंतरच्या दशकात रोग्यांवर वापरून पाहिले. त्याला ना डोके ना पाय. टेबलाशी रोगी बसतो, त्याचा कोपरापुढचा हात यंत्राच्या दांड्याला पट्ट्यांनी बांधतात. समोरच्या पडद्यावर मध्ये एक ठिपका आणि भोवती गोलात ठिपके. मधून निघायचे, बाहेरचा ठिपका गाठायचा आणि परत यायचे.

यातली खुबी शिक्षक बंधुभगिनींना लगेच उमगेल. पहिलीच्या मुलाला 'ग' गिरवायला शिकवताना आपण त्याचा हात धरतो. पण कसा? मूल अडले तर थोडा जोर लावतो, त्याचा हात वळू लागला की आपला सैल सोडतो. सगळे आपणच ओढले तर अक्षर आपले होते, मुलाचे नव्हे. यंत्रही तसेच करते. रोग्याचा हात निघाला तर ते नुसते सोबत जाते. अडला तर हलकेच पुढे नेते. अशा बैठकीत हजारावर हालचाली होऊ शकतात.

मग हात बरा होतो का? इथे खरे सांगितले पाहिजे. इंग्लंड-स्कॉटलंडात ७७० रोग्यांवर याची मोठी परीक्षा झाली. तिचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. यंत्रावर बसलेल्यांच्या हाताच्या हालचालीत काही सुधारणा दिसली, पण रोजच्या कामात हात उपयोगी पडण्याच्या बाबतीत नेहमीच्या उपचारापेक्षा ते सरस ठरले नाहीत. म्हणजे पडद्यावरचा ठिपका गाठणारा हात तांब्या उचलीलच असे नाही. नुसते गिरवून कोणाला पत्र लिहिता येते काय?

यंत्र फुकट गेले असा मात्र याचा अर्थ नाही. आपल्या देशातही वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रासची आय.आय.टी. यांनी मिळून 'प्लूटो' नावाचे लहान, सुटसुटीत यंत्र तयार केले आहे. मनगटाचा आणि बोटांचा व्यायाम त्यावर होतो. अशी यंत्रे स्वस्त होऊन तालुक्याला आली तर तज्ज्ञाचे हात मोकळे होतील. पण तज्ज्ञाची आणि घराची जागा ती घेणार नाहीत.

घर म्हटले की मला माझ्याच नात्यातले एक वृद्ध आठवतात. उजवा हात गेला आणि घरच्यांनी सेवा मांडली. सून घास भरवी, मुलगा सदऱ्याच्या गुंड्या लावी. "दादा, तुम्ही बसा, आम्ही करतो!" बोटे थोडी हलत होती, पण हाताला काम म्हणून उरले नाही. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने हेच दाखवून दिले आहे की न वापरण्याचीही सवय लागते. पुढे दुसरीतला नातू दादांजवळ अभ्यासाला बसू लागला आणि "आजोबा, पाटी धरा ना," म्हणून ती त्याच हातात देऊ लागला. हात पूर्वीसारखा झाला नाही. पण पाटी धरू लागला, मग भाकरीचे ताट सावरू लागला.

तेव्हा रोग्याचे काम हिसकावून घेऊ नका. तांब्या दुबळ्या हाताच्या बाजूला ठेवा, टॉवेलची घडी दोन्ही हातांनी घालू द्या, शेंगा सोलायला द्या, वेळ लागला तरी थांबा. उठवताना दुबळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. बसताना हाताखाली उशी द्या. रक्तदाबाचे औषध मनाने बंद करू नका. आणि हे सारे फिजिओथेरपिस्टला दाखवून, विचारून करा. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांच्या घरच्यांच्या मदतीने व्यायामाची अशी परीक्षा झाली होती. २०१७ च्या तिच्या निकालात, घरच्यांना शिकवून दिल्याने रोग्यांचे परावलंबन कमी झाल्याचे दिसले नाही. माया पुष्कळ आहे, तिला जाणत्याची वाट हवी.

गिरवून देणारा हात माणसाचा असो की यंत्राचा, तो वेळेवर सैल झाला पाहिजे. हात कामाला लागतो तो कामानेच. एवढे आज ध्यानात ठेवले तरी पुरे.