जेलमधून थेट गोल्ड मेडल!

इंदिरानगरकर, पाहुणे आले की त्यांना पांडवलेणीला नेता. पायथ्याचं फाळके स्मारक दाखवता आणि 'सिनेमा आमच्या दादासाहेबांनी आणला' म्हणत कॉलर टाइट करता. करायलाच हवी! पण नाशिकच्या खात्यात आणखी एक फिल्मी विक्रम जमा आहे, माहीत आहे का? भारताच्या पहिल्यावहिल्या 'सर्वोत्कृष्ट चित्रपटा'ची स्टोरी लिहिली गेली ती चक्क नाशिकच्या तुरुंगात!

सिनेमा 'श्यामची आई'. लेखक साने गुरुजी, मुक्काम कोठडी. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी त्यांनी लेखणी उचलली आणि १३ तारखेला, सोमवारी खाली ठेवली. लाँग वीकेंडचा याहून भारी उपयोग कुणी केला असेल तर कळवा!

आता हिशेब बघा. पाच दिवसांत छत्तीस रात्री! कारण या पुस्तकात प्रकरणं नाहीतच, आहेत त्या 'रात्री'. उरलेल्या सुटकेनंतर लिहिल्या. छापील पुस्तकात ४२.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला. गुरुजी १९५० मध्येच गेले, त्यांना तो बघता आला नाही.

'छडी लागे छम छम' मात्र आजही गॅदरिंगला हमखास वाजतं. आणि ते कुणाच्या सिनेमात? अत्र्यांच्या! स्वारी स्वतः पुण्यात हेडमास्तर होती, शिकवण्याचा डिप्लोमाही थेट लंडनचा. म्हणजे छडीचा विषय घरचाच!

संगीत वसंत देसाईंचं. 'गुड्डी'तली शाळेची प्रार्थनाही त्यांचीच. छम छम आणि हात जोडून, शाळेचे दोन्ही मूड एकाच माणसाचे!

साधंसुधं लुगडं नेसलेली ती आई म्हणजे वनमाला. १९४१ च्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर झळकलेली ग्लॅमरस हिरॉइन! गोष्टीत श्याम अंघोळ करून हट्ट धरतो, ओल्या तळव्यांना माती लागेल, तुझा पदर पसर. आई धोंड्यावर पदर अंथरते, तो त्यावर पाय टेकतो. मग ती त्याला सांगते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. इथं रुमाल काढायचा, लाजायचं नाही.

रुमाल ठेवलात? तर या सिनेमात प्रबोधनकार ठाकरेही आहेत! होय, बाळासाहेबांचे वडील.

आणि श्याम? माधव वझे मोठेपणी इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकं बसवली, 'थ्री इडियट्स'मध्येही दिसले.

१९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला! बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर भागवावं लागलं. पुन्हा मराठी सिनेमा अव्वल यायला 'श्वास'ची वाट पाहावी लागली. किती? तब्बल पन्नास वर्षं!

सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा काढला, तोही ब्लॅक अँड व्हाइट. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊनच थांबला. आईपुढे ज्युरीचं काय चालणार!